बालाघाटावरील आकाशाची मोजणी

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणारा राजरस्ता नळदुर्गाजवळ बोरी नदी ओलांडतो आणि जळकोट, येणेगूर, उमरगा अशी गावे घेत कर्नाटकाच्या सरहद्दीकडे जातो. बहामनी आणि आदिलशाही फौजा, निजामाच्या अंमलातील तालुकदार, तुळजापूरचे यात्रेकरू आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानात शिरलेले भारतीय सैन्य या सर्वांनी हा मुलूख तुडविलेला असल्यामुळे, त्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची वाण कधीच पडली नाही. परंतु याच रस्त्याच्या माथ्यावरून, जमिनीपासून ३० ते ४२ किलोमीटर उंचीवरून, गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ आणखी एक वाहतूक होत आली आहे आणि तिची दखल धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासात क्वचितच घेतली जाते. ही वाहतूक शास्त्रीय उपकरणे वाहणाऱ्या फुग्यांची आहे. विश्वातील अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिकांचे स्वरूप जाणण्याच्या विसाव्या शतकातील प्रचंड उद्योगाशी धाराशिवच्या शिवाराचा संबंध जडला तो या फुग्यांमुळे.

हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगा-केंद्र आहे. उड्डाणांचा हंगाम आला की त्याच्या वतीने वृत्तपत्रांतून एक जाहीरनामा प्रसिद्ध होतो, आणि तो लक्षपूर्वक वाचण्यासारखा असतो. पॉलिथिनच्या अतिशय पातळ पापुद्र्याचे, हायड्रोजन वायूने भरलेले, ५० ते ८५ मीटर व्यासाचे फुगे रात्री व पहाटे सोडण्यात येतील. काही तास तरंगल्यानंतर त्यांना जोडलेली उपकरणे मोठ्या रंगीत हवाई छत्रीच्या आधाराने खाली उतरतील. विशाखापट्टण, हैदराबाद आणि सोलापूर यांना जोडणाऱ्या रेषेच्या आसपास, हैदराबादेपासून सुमारे २०० ते ३५० किलोमीटरच्या टापूत ती पडण्याचा संभव आहे. असे त्यात सांगितलेले असते. पुढे जिल्ह्यांची यादी येते आणि तीत बीड, लातूर, सोलापूर यांच्याबरोबर धाराशिवचेही नाव असते. ज्यास हे साहित्य आढळेल त्याने ते उघडू नये, ओढू नये, कारण काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते. जवळचे पोलीस ठाणे, टपाल कचेरी अथवा जिल्हा अधिकारी यांस वर्दी द्यावी. आणि वर्दी देणाऱ्यास योग्य बक्षीस मिळेल, असा त्याचा शेवट असतो. संशोधकाने शेतकऱ्याला उद्देशून लिहिलेला इतका साधा आणि इतका विश्वासपूर्ण लेख विज्ञानाच्या दप्तरात विरळाच सापडेल, कारण ज्या उपकरणावर वर्षानुवर्षे श्रम घेतले ते अखेरीस ज्वारीच्या ताटांत उतरणार आणि तेथून सुखरूप परत येणार, हे गृहीत धरूनच हा सारा व्यवहार चालतो.

या उपकरणांनी शोधावयाचे ते काय, हे समजण्यासाठी थोडे मागे, निजामाच्या अमदानीत जावे लागेल. हा जिल्हा हैदराबाद संस्थानात असताना, १९०१ साली, नवाब जफर जंग या विद्याव्यासंगी उमरावाने इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण आणवून हैदराबादेजवळ फिसलबंडा येथे वेधशाळा उभारली आणि तिला दरबाराच्या अनुज्ञेने ‘निजामिया’ हे नाव दिले. १९०७ साली नवाब निवर्तले. पुढच्याच वर्षी वेधशाळा संस्थानच्या अर्थखात्याकडे सुपूर्द झाली, आर्थर चॅटवुड हे तिचे पहिले संचालक झाले आणि तिचे बस्तान बेगमपेठेत हलविण्यात आले. १९१९ साली ती नव्याने स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या ताब्यात गेली. ज्या राज्यकर्त्याच्या नावाने त्या काळी हा जिल्हा उस्मानाबाद म्हणून ओळखला जात होता, त्याच्याच नावाचे ते विद्यापीठ होते. म्हणजे दप्तरी दृष्टीने पाहिले तर धाराशिवची रयत आणि बेगमपेठेची दुर्बीण या एकाच सरकारच्या आश्रयास होत्या.

या वेधशाळेने अंगावर घेतलेले काम लहान नव्हते. १८८७ साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत साऱ्या आकाशाचे छायाचित्रण करून ताऱ्यांची सूची सिद्ध करण्याचा संकल्प झाला होता आणि आकाशाचे पट्टे निरनिराळ्या देशांच्या वेधशाळांत वाटून दिले गेले होते. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांचा जो पट्टा सांतियागोच्या वेधशाळेकडून पुरा होईना, तो हैदराबादेने पत्करला. ८ इंची कुक छायाचित्रण-दुर्बिणीने काचेवर चित्र घ्यावयाचे, काचेवर ५ मिलिमीटर अंतराच्या रेषांची जाळी उमटवावयाची, आणि मग सूक्ष्ममापकाखाली एकेका काळ्या ठिपक्याचे आडवे-उभे अंतर वाचून वहीत उतरवावयाचे, असे ते काम होते. काचेवरील एक मिलिमीटर म्हणजे आकाशातील एक कला (अंशाचा साठावा भाग), हे प्रमाण साऱ्या जगाने एकच ठेविले होते. रॉबर्ट पोकॉक आणि त्यांच्यामागून टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली हे ठिपके मोजणारांनी अनेक लाख ताऱ्यांची स्थाने नोंदली आणि ती १२ खंडांत प्रसिद्ध झाली. महायुद्धे आली आणि गेली. पण त्या वह्यांतील आकडे आजही कामास येतात, कारण शंभर वर्षांपूर्वी तारा नेमका कोठे होता हे ठाऊक असल्याखेरीज तो तेथून किती सरकला हे सांगता येत नाही.

तथापि या मोजणीला एक मर्यादा होती, आणि तिचे स्वरूप मराठवाड्यातील कोणत्याही खातेदारास चटकन उमगेल. मोजणीदार साखळी टाकून शेताची चतुःसीमा आखतो व त्यास क्रमांक देतो. परंतु जमीन काळी की मुरमाड, बागाईत की कोरडवाहू, वहिवाट कोणाची, हे ठरविण्यास जागेवर जाऊन पाहणी करावी लागते, आणि पाहणीवाचून केलेली जमाबंदी व्यर्थ असते. निजामियाच्या सूचीने आकाशातील ठिपक्यांची चतुःसीमा आखून दिली. तो ठिपका जवळचा सामान्य तारा आहे, की कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एखाद्या दीर्घिकेचा धगधगता गाभा आहे, हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. ती पाहणी करतो वर्णपट. प्रकाश लोलकातून अथवा सूक्ष्म रेषांच्या जाळीतून नेऊन त्याचे रंग अलग केले म्हणजे त्यांत ठळक व काळ्या रेषा दिसतात. या रेषा कोणत्या मूलद्रव्याच्या आहेत, त्या किती रुंद आहेत, आणि आपल्या मूळ जागेपासून तांबड्या टोकाकडे किती सरकल्या आहेत, यांवरून त्या पदार्थाचे घटक, त्याची गती आणि त्याचे अंतर निश्चित करता येते.

दीर्घिकांच्या गाभ्यात काही असाधारण घडत असावे, याची साक्ष प्रथम वर्णपटानेच दिली. १९४३ साली अमेरिकेत कार्ल सायफर्ट यांनी काही दीर्घिकांच्या केंद्रकांचे वर्णपट अभ्यासून दाखविले की, त्यांतील उत्सर्जन रेषा इतक्या रुंद आहेत की वायू सेकंदास हजारो किलोमीटर वेगाने धावत असल्याखेरीज त्यांचा उलगडा होत नाही. त्यानंतर वीस वर्षांनी, १९६३ च्या फेब्रुवारीत, मार्टिन श्मिट हे ३सी २७३ या रेडिओ उगमाच्या जागी दिसणाऱ्या ताऱ्यासारख्या बिंदूचा वर्णपट पुढे ठेवून बसले असता त्यांच्या ध्यानी आले की, ज्या रेषांची कोणत्याही ज्ञात द्रव्याशी सांगड बसत नव्हती त्या साध्या हायड्रोजनच्याच रेषा असून जवळजवळ १६ टक्क्यांनी तांबड्याकडे सरकल्या आहेत. ४८६ नॅनोमीटरवर असावयास हवी ती रेषा ५६३ च्या जवळ उभी होती. तारा म्हणून ज्याची गणना होत होती तो बिंदू या एका वाचनाने दोन अब्ज प्रकाशवर्षांच्या पलीकडे गेला, आणि क्वेसार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थांच्या अभ्यासास आरंभ झाला.

आता या कथेत क्ष-किरणांचा प्रवेश होतो, आणि तिची वाट पुन्हा दख्खनच्या पठारावर येते. दीर्घिकेच्या मध्यभागी असलेल्या प्रचंड कृष्णविवरावर वायू कोसळू लागला म्हणजे त्याची तप्त तबकडी बनते, आणि तिच्या लगतच्या अतितप्त वायूतून क्ष-किरण बाहेर पडतात. अशा दीर्घिकेस सक्रिय दीर्घिका आणि तिच्या गाभ्यास सक्रिय केंद्रक म्हणतात. हे किरण धुळीच्या जाड पडद्यांतून पार होतात. उलट सामान्य तारे त्यांत फारच फिके दिसतात. त्यामुळे ताऱ्यांच्या प्रकाशात बुडून गेलेले अथवा धुळीआड दडलेले सक्रिय केंद्रक हेरण्यास क्ष-किरणांसारखे साधन नाही. अडचण एकच होती. पृथ्वीचे वातावरण हे किरण जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही. जून १९६२ मध्ये रिकार्दो जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाणावरील उपकरणाने वृश्चिक राशीतील पहिला सूर्येतर क्ष-किरण उगम टिपला, पण अग्निबाण आकाशात काही मिनिटेच टिकतो. वातावरणाच्या जवळजवळ माथ्यापर्यंत जाऊन तेथे तासन्‌तास राहणारा फुगा निदान भेदक क्ष-किरणांपुरता तरी ही उणीव भरून काढू शकत होता.

हैदराबाद यासाठी विशेष अनुकूल ठरले. हे ठिकाण भूचुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे बाहेरून येणारे विद्युद्भारित वैश्विक कण पृथ्वीच्या चुंबकत्वाने मोठ्या प्रमाणात वळविले जातात आणि मंद क्ष-किरणांची मोजणी त्यांच्या गोंगाटात हरवत नाही. शिवाय येथील वाऱ्यांची रचना अशी की खालच्या थरांतील पश्चिमी वारा फुग्याला पूर्वेकडे नेतो आणि वरच्या थरांतील पूर्वेचा वारा त्याला परत पश्चिमेकडे आणतो, म्हणून फुगा फार लांब न जाता दख्खनच्या सपाट, विरळ झाडीच्या मुलखावरच राहतो. होमी भाभांनी वैश्विक किरणांच्या अभ्यासासाठी फुग्यांची जी परंपरा सुरू केली, तिचेच हे पुढचे रूप होते. १९६८ च्या एप्रिलमध्ये हैदराबादेहून उडविलेल्या फुग्यातील उपकरणाने त्याच वृश्चिक राशीतील उगमाचे भेदक क्ष-किरण मोजले आणि भारतीय क्ष-किरण खगोलशास्त्राचा पाया पडला. बी. व्ही. श्रीकांतन, पी. सी. अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढील वर्षांत हंस आणि शौरी या तारकासमूहांतील उगमांचेही वेध घेतले. या केंद्रातून आजवर झालेल्या उड्डाणांची संख्या पाचशेच्या पुढे आहे.

फुग्याचे सामर्थ्य मात्र आपल्याच आकाशगंगेतील प्रखर उगमांपुरते होते. दूरच्या सक्रिय दीर्घिका त्याच्या दृष्टीने फार क्षीण. त्यांची शिरगणती उपग्रहांनी केली. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरून सोडलेल्या उहुरूच्या अखेरच्या सूचीत ३३९ उगम होते. १९७८ साली गेलेल्या आइनस्टाइन वेधशाळेने पहिल्यानेच क्ष-किरणांची स्पष्ट चित्रे घेतली, आणि त्या चित्रांत योगायोगाने सापडलेल्या ८३५ उगमांची जी पाहणी पुढे करण्यात आली, ती या विषयाच्या इतिहासातील एक निर्णायक घटना होय. प्रत्येक उगमाच्या जागेची अनिश्चिती कित्येक विकलांची (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) असे. त्या इवल्या वर्तुळात दृश्य प्रकाशातील जे जे अंधुक बिंदू पडत, त्यांतील एकेकाचा प्रकाश दुर्बिणीच्या फटीतून घेऊन त्याचा वर्णपट काढावयाचा. तो साधा तारा निघाला तर दुसऱ्याकडे वळावयाचे. रुंद हायड्रोजन रेषा अथवा आयनित ऑक्सिजनची ५०१ नॅनोमीटरजवळची जोमदार रेषा आढळली म्हणजे सक्रिय केंद्रकाची ओळख पटली, असे मानावयाचे. रात्रीमागून रात्री असे एकेक लक्ष्य घेऊन निरनिराळ्या वेधशाळांत हे काम वर्षानुवर्षे चालले, आणि अखेर दिसून आले की त्या उगमांपैकी सुमारे निम्मे सक्रिय दीर्घिकाच आहेत. क्ष-किरणांनी केलेली खूण आणि वर्णपटाने दिलेली ओळख यांचा मेळ घातल्याशिवाय विश्वातील कृष्णविवरांची गणना होऊ शकत नाही, हा सिद्धांत या पाहणीने दृढ केला.

पुढील पिढीत याच उद्योगाचा विस्तार झाला. १९९० साली गेलेल्या रोसॅट उपग्रहाने सर्व आकाश पालथे घातले आणि केवळ तेजस्वी उगमांच्या सूचीतच १८,८०६ नोंदी झाल्या. एवढ्यांचे वर्णपट एकेका फटीने काढणे अशक्य होते. न्यू मेक्सिकोतील २.५ मीटर दुर्बिणीवर स्लोन आकाश-पाहणीने त्यावर तोड काढली ती अशी की, अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीवर प्रत्येक लक्ष्याच्या नेमक्या जागी भोके पाडावयाची, दिवसा हातांनी त्या भोकांत प्रकाशवाहक तंतू खोवावयाचे, आणि रात्री ६४० वर्णपट एकदम घ्यावयाचे. पुढे तंतूंची संख्या १,००० झाली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाने १९९९ साली गेलेल्या चंद्रा वेधशाळेने उगमाची जागा एका विकलेच्या आत ठरविली. २००४ साली गेलेल्या स्विफ्ट उपग्रहाने अतिभेदक क्ष-किरण टिपून धुळीआड दडलेली केंद्रके उघडी केली. त्यांपैकी ८५८ सक्रिय केंद्रकांचे १,४४९ दृश्य वर्णपट २०२२ साली एकत्र प्रसिद्ध झाले, आणि त्यांतून एकेका कृष्णविवराचे वस्तुमान, त्याच्यावर कोसळणाऱ्या द्रव्याची गती आणि त्याभोवतीच्या धुळीचे प्रमाण यांचा परस्परसंबंध तपासता येऊ लागला. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इरोसिटा दुर्बिणीच्या पहिल्या सूचीत सुमारे ९ लाख क्ष-किरण उगम आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य सक्रिय दीर्घिका आहेत. खूण करण्याचे काम आज ओळख पटविण्याच्या कामापुढे कितीतरी योजने निघून गेले आहे.

या कथेच्या भारतीय शाखेचा धागा फिरून बेगमपेठेच्या वेधशाळेपर्यंत जातो. तेथे काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा मुलगा हैदराबादेतच वाढला, निजाम कॉलेजात शिकला, हार्वर्डला गेला आणि १९४९ साली एका धूमकेतूच्या शोधात भागीदार झाला. त्यांचे नाव मनाली कल्लाट वैणू बाप्पू. त्यांनी तमिळनाडूतील कावलूर येथे वेधशाळा वसविली, आणि १९८६ साली तेथे कार्यान्वित झालेल्या २.३४ मीटर दुर्बिणीस त्यांचे नाव देण्यात आले. भारतात वर्णपटाचे काम मोठ्या प्रमाणावर होऊ लागले ते या परंपरेतून. महाराष्ट्रात १९८८ साली जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यास आयुका ही संस्था निघाली. अजित केंभावी आणि नारळीकर या दोघांनी क्वेसार व सक्रिय दीर्घिका-केंद्रके या विषयावर लिहिलेला ग्रंथ १९९९ साली केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. आणि २००६ साली जुन्नरच्या बाजूला गिरवली येथे आयुकाची २ मीटर दुर्बीण वर्णपटमापकासह उभी राहिली.

फुग्यांची परंपराही वाया गेली नाही. झेनॉन वायूने भरलेले जे मोठे क्ष-किरण-गणक हैदराबादेहून फुग्यांतून वर गेले, त्यांच्याच अनुभवावर टाटा संस्थेने ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील तीन विशाल गणक सिद्ध केले, आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून तो उपग्रह अंतराळात गेला. त्याच उपग्रहावर त्या संस्थेने घडविलेली मृदू क्ष-किरणांची दुर्बीणही आहे, आणि सक्रिय दीर्घिकांचा अभ्यास हे तिच्या प्रमुख कार्यांपैकी एक आहे. उपग्रहाची सामग्री वापरू इच्छिणाऱ्या संशोधकांस साहाय्य करण्याचे काम पुण्यातील आयुकात चालते. ज्या गणकांची पूर्वपीठिका या जिल्ह्यातील बालाघाट डोंगरांच्या आकाशात घडली, त्यांचीच संतती आज कोट्यवधी प्रकाशवर्षांवरील कृष्णविवरांची नाडी मोजीत आहे, हे विधान अलंकार म्हणून केलेले नाही. ते अक्षरशः खरे आहे.

म्हणून या जिल्ह्याच्या इतिहासाकडे आपण थोड्या विस्तृत दृष्टीने पाहिले पाहिजे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. शास्त्राचा इतिहास लिहिताना आपण दुर्बिणीचे नाव घेतो, संचालकाचे नाव घेतो, ग्रंथाचे व पारितोषिकाचे नाव घेतो. परंतु उपकरण ज्याच्या बांधावर उतरले, ज्याने ते न उघडता ठाण्यात वर्दी दिली, ज्या पाटलाने वा शिपायाने त्यावर पहारा ठेविला, त्यांच्यावाचून हा पुरावा संशोधकाच्या हाती पुन्हा पडला नसता, हे विसरतो. फुग्याच्या उपकरणाचे मोल ते परत मिळण्यावर किती अवलंबून असते, हे जाहीरनाम्याच्या भाषेवरूनच कळते. ते जपून परत देणारा माणूस त्या प्रयोगाचा प्रेक्षक नसून त्याच्या साखळीतील एक दुवा असतो.

दूरच्या जगाशी आलेले संबंध जपून ठेवणे या जिल्ह्यास नवीन नाही. तेर येथील प्राचीन तगर नगरीचा रोमशी चाललेला व्यापार मातीतून वर आलेल्या वस्तूंनी सिद्ध झाला, आणि त्या वस्तू तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सुरक्षित आहेत. त्याच न्यायाने उमरगा, लोहारा, तुळजापूर या तालुक्यांच्या पोलीस आणि महसुली दप्तरांत फुग्यांविषयीचे जे जाहीरनामे, वर्द्या आणि पंचनामे असतील, ते शोधून एकत्र करावेत. ज्यांनी ही उपकरणे पाहिली त्या वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. आणि जिल्ह्याच्या शाळांतून मुलांना निजामिया वेधशाळेच्या त्या १२ खंडांची, हैदराबादेच्या फुग्यांची आणि क्ष-किरणांनी हेरलेल्या दीर्घिकांच्या वर्णपटांची ओळख करून द्यावी. उपग्रहांच्या सूचीत आज लाखो नोंदी ओळखीची प्रतीक्षा करीत आहेत, आणि येत्या काही दशकांत हे काम अनेकांच्या हातांनी व्हावयाचे आहे. त्या हातांत उमरग्याचे, भूमचे, परंड्याचे हातही असावेत. त्यासाठी या कामात आपल्या मुलखाचा वाटा जुना आहे, ही जाणीव मुलांना असणे हीच पहिली तयारी होय.